पत्रावळीवरचा फ्रान्स

१९५८ च्या मार्च महिन्यात, यवतमाळ-आर्णी रस्त्यालगतच्या आमच्या वावरात, रोडग्यांच्या पंगतीतून नवऱ्या मुलाचे वडील अर्ध्या जेवणावरून उठले. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली. माझ्या चुलत बहिणीची ठरलेली सोयरीक तिथेच मोडली.

ते उठले तेव्हा फ्रान्सविषयी बोलणे चालू होते. बोलत होते ते मुलीचे वडील, माझे थोरले चुलते. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणत असू.

मोठेबाबा कापसाचे पारखी होते. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू किती लांब सुटतो आणि कुठे तुटतो ते पाहायचे आणि गाठीचा दर्जा सांगायचा, हे त्यांचे काम. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी यवतमाळच्या एका जिनातला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातला, माल मुंबईमार्गे फ्रान्सला जाई. तिथल्या खरेदीदाराने त्यांची बोटे पाहिली आणि त्यांना आपल्याबरोबर हाव्र नावाच्या बंदरावर नेले. आठ-नऊ वर्षे ते तिथे होते. युद्धाच्या तोंडावर परत आले, पुन्हा त्याच जिनात पारखी झाले, उशिरा लग्न केले, एक मुलगी झाली. ती चालायला लागण्याआधी बायको वारली. मुलगी माझ्या आईजवळ वाढली.

हाव्रच्या गोदामात बसून पारख्याचे काम भागत नसे. कापसाचे नमुने पेटीत घालून सूतगिरण्यांच्या गावी जावे लागे, आणि गिरण्या देशाच्या चारी कोपऱ्यांत होत्या. मोठेबाबा नमुने घेऊन फिरले आणि जिथे गेले तिथे जेवले. इतरांनी परदेशातून घड्याळे, छायाचित्रे, कापड आणले. त्यांनी एक जाड कोट आणला, तो इकडे कधी घालता आला नाही. बाकी सगळे जिभेवर होते.

संध्याकाळचे जेवण झाले की ते आमच्या घरासमोरच्या ओट्यावर बसत आणि सांगत. जिनातले दोन-तीन कारकून, शेजारचा शिंपी, माझे वडील, असे ऐकणारे ठरलेले असत. दारामागे माझी चुलत बहीण. लहान होती तेव्हा ती विचारी, "बाबा, आज कोन्त्या गावी?" मग त्या दिवशीचे गाव ठरे.

त्यांच्या सांगण्यात एक शिस्त होती. ते म्हणत, फ्रान्सचे तीन तुकडे आहेत आणि ते राजाने केलेले नाहीत, कढईने केलेले आहेत. वरच्या भागात लोणी, खाली समुद्राकडे झाडाच्या फळाचे तेल, आणि डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात हंसासारख्या एका पाळीव पक्ष्याची चरबी. एखाद्या घरात कांदा कशावर परततात ते कळले की आपण कोणत्या मुलखात आहोत ते कळते. "आपल्याकडेही तेच," ते म्हणत. "इकडे जवस, तिकडे करडी. मधे एक नाला असतो आणि नाल्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या भाजीला नाक मुरडतात."

हाव्रच्या मुलखात सफरचंदाची आंबवलेली दारू, साय आणि लोणी. तिथून जवळच्या काँ गावात जनावराची आतडी मातीच्या भांड्यात घालून झाकण कणकेने लिंपतात आणि भट्टी विझत आली की आत सरकवून रात्रभर ठेवतात. सकाळी झाकण फोडले की रस्ता थांबतो, असे ते सांगत. ब्रतान्य हा गरीब मुलूख. तिथे गव्हाऐवजी काळसर पिठाचे धिरडे. आपल्यासारखेच, फक्त तव्यावर लाकडी फिरकीने पसरतात आणि ते पसरण्यात बायकांची परीक्षा होते. म्युलूझला गिरण्या खूप. तिथे कोबी मिठात घालून आंबवतात, महिनोन्‌महिने. वास असा की पहिल्या दिवशी त्यांनी खोली बदलून मागितली आणि आठवड्याने तोच कोबी दुसऱ्यांदा मागून घेतला. ल्यों गावात खानावळी बायका चालवतात. गिऱ्हाईक त्यांना आईच म्हणते, आणि ताटात काही टाकले तर ती आई पुढच्या वेळी दारातून परत पाठवते. तिथे रक्ताचे काळे सांडगे मिळत. त्यांची चव सांगताना ते आर्णीकडच्या एका तांड्याचे नाव घेत. त्या तांड्याचा नायक कापूस घेऊन जिनात येई आणि सणाला मोठेबाबांना जेवायला बोलावी. बोकडाच्या रक्ताची सळोई तिथे ते मागून खात.

काँच्या भांड्यात आतडी कोणाची, म्युलूझच्या कोबीवर तुकडे कशाचे, हे ते सांगत नसत. ते 'मटण' म्हणत. आमच्याकडे आखाडात बोकड कापला जाई, तेव्हा मटण या शब्दाला कोणाची हरकत नव्हती. मटण कशाचे, हे ओट्यावर कोणी विचारले नाही. सगळ्यांना कळत होते म्हणूनच कोणी विचारले नाही. वर्षानुवर्षे ओटा या एका न विचारलेल्या प्रश्नावर टिकला.

सोयरीक आर्णीकडची होती. मुलगा शेती पाहणारा, शिकलेला, घरी मोठे वावर. माझी बहीण तेव्हा अठरा वर्षांची. मुलगा पाहायला आला तेव्हा तिने चहा दिला आणि परत जाताना त्याच्याकडे एकदा वळून पाहिले. आईने ते पाहिले होते. त्यानंतर ती मोठेबाबांचे धोतर धुताना गुणगुणे, असे आई सांगत असे. लग्न वैशाखात धरायचे ठरले. त्याआधी दोन्हीकडच्या पुरुषांनी एकत्र जेवावे म्हणून आम्ही वावरात रोडगे केले.

रोडगे म्हणजे जाड कणकेचे थरांचे गोळे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि डाळ व वांग्याच्या तिखट भाजीबरोबर खायचे. मोठेबाबा सकाळपासून निखाऱ्यापाशी होते. रोडगा कधी उलटायचा ते दुसऱ्या कोणाला ठरवू देत नव्हते. वांगी त्यांनी स्वतः निवडली होती. भाजीला बायका होत्या, विहिरीजवळ, आणि त्यांत माझी बहीणही होती.

आमच्या पंगतींना दोन नियम आहेत. त्यांशिवाय पुढचे कळणार नाही. पहिला: मानाचा माणूस उठला की कोणी बसून राहायचे नाही, घास हातात असला तरी. दुसरा: सोयरिकीच्या जेवणात इवाई, म्हणजे व्याही, इवायाची फिरकी घेतो. वराचा बाप टोमणा मारतो, वधूच्या बापाने तितकाच तिखट परतवायचा. जो परतवू शकत नाही तो मऊ ठरतो, आणि मऊ माणसाच्या मुलीला सासरी ऐकून घ्यावे लागते. म्हणून मुलीचा बाप या जेवणाला आदल्या दिवसापासून तयारी करून येतो.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. दोन्ही इवाई शेजारी बसले. मुलाच्या वडिलांनी पहिला रोडगा फोडला, तूप मागितले आणि सुरुवात केली.

"इवाई, तुमी त साऱ्या फ्रान्सात जेवून आले म्हन्ते. सांगा ना आमाले. आमचं पोट्टं तुमच्या घरची पोरगी आनून राह्यलं. उद्या ते काय रांधन, आमाले मालूम त पाह्यजे."

पंगत हसली.

"सांगतो," मोठेबाबा म्हणाले. "पन तुमचा रोडगा गार होईन. मंग म्हनान, पोरीच्या बापानं उपाशी ठेवलं."

"मी दोन्ही कामं करतो. कान वेगळे हायेत, तोंड वेगळं."

मोठेबाबांनी पत्रावळ मोकळी केली. वरच्या कडेला मिठाची चिमूट ठेवली. "हे हाव्र. बंदर." रोडग्याचा चुरा उजवीकडे सरकवला. "ह्या इथं गिरन्या. लील, रूबे." वांग्याची फोड मधोमध. "हे ल्यों." डाळीचा ओघळ खाली सोडला. "हा समुद्र. इथं मार्सेय. इथं जहाज लागते." लोक माना पुढे करून पाहत होते. मी समोरच्या रांगेत होतो. पळसाच्या पानावर फ्रान्स बऱ्यापैकी ओळखू येत होता.

"मिठापासून चला," मुलाचे वडील म्हणाले. "तिथं काय?"

"लोनी."

"कोनाचं?"

"गाईचं. अशा गाई हिंदुस्थानात नाईत. दारात उभी राह्यली त दार भरते."

"वा. गाय पोसतेत मंग थे लोक." त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. "अन् म्हातारी झाली का काय करतेत, इवाई?"

कोणीतरी हसले. मोठेबाबांनी बोट सरकवले. "थे पुढं सांगतो. आधी मासे."

मासे झाले. धिरडी झाली. धिरड्यांवर मुलाच्या वडिलांनी मान डोलावली. "हे चालन. हे आमच्या घरी बी करतेत." मग त्यांनी स्वतःच बोट पुढे केले आणि रोडग्याच्या चुऱ्यावर ठेवले. "अन् हे? गिरन्याचं गाव?"

"लील. तिथं ढग लय. लोकं बिअर पितेत अन् बिअरमंदीच शिजवतेत. कांदा टोपलंभर. मंद आचेवर, दुपारपासून. वरून गोड पावाचा तुकडा टाकतेत, मोहरी लावून. थो पाव विरघळते अन् रस्सा असा होते..." त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासले, रुई तपासताना घासत तसे.

"कायचा रस्सा?"

"मटनाचा."

"कायचं मटन?"

वाढणारा माणूस भाजीची बादली घेऊन उभा होता तो उभाच राहिला. माझे वडील म्हणाले, "दादा, रोडगा गार होऊन राह्यला."

"होऊ द्या ना," मुलाचे वडील म्हणाले. त्यांचा आवाज गोड होता. "आमाले ऐकाचं हाये. बोकड्याचं, इवाई?"

"नाई."

"मेंढीचं?"

"नाई."

"मंग कायचं? का आठवत नाई? का गेलेच नोते?"

इथे मोठेबाबांनी चूक केली. त्यांना हा टोमणा वाटला. सगळी पंगत त्यांच्या उत्तराची वाट पाहत होती, विहिरीजवळच्या बायका थांबल्या होत्या, आणि मुलीच्या बापाने गप्प बसायचे नसते. ते हसले आणि म्हणाले, "कायचं म्हन्जे? तुमच्यावानी पोसलेल्या बैलाचं, इवाई!"

हशा मोठा झाला. आमच्या बाजूची माणसे मांड्यांवर थापा मारत होती. परतवणे उत्तम जमले होते. मग हशा मुलाकडच्या रांगेत थांबला, आणि थोड्या वेळाने आमच्या रांगेतही थांबला.

मुलाचे वडीलही हसले होते. त्यांनी हसू तसेच ठेवून तांब्यातले पाणी ओंजळीत घेतले, पत्रावळीभोवती फिरवले आणि उठले. "जेवन बरं झालं," ते म्हणाले. त्यांच्या पत्रावळीत अडीच रोडगे होते. नियमाप्रमाणे सगळे उठले. मोठेबाबा बसलेले होते. वडिलांनी त्यांच्या दंडाला धरून उठवले.

बैलगाड्या जुंपल्या गेल्या. मुलगा जाताना विहिरीकडे पाहत नव्हता. उरलेले रोडगे संध्याकाळी गुरांना घातले.

यातला एक भाग मी नंतर पडताळून घेतला, कारण तेव्हा मी नागपूरच्या एका दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे आणि आर्णी, महागाव या बाजूला माझे जाणे होते. आमच्या पंगतीच्या आधीच्या आठवड्यात मुलाकडची मंडळी फुलसावंगीला दुसरी मुलगी पाहून आली होती. ती मुलगी एकुलती एक, वावर तिच्या नावे येणार होते. हे मला दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, सारखेच सांगितले. वैशाखातल्या ज्या दिवशी आमच्याकडचे लग्न धरले होते त्याच्या चार दिवस आधी त्या मुलाचे लग्न फुलसावंगीला झाले.

लग्न मोडले तरी गोष्ट तिथे संपणारी नव्हती. बैल खाल्लेल्या माणसाच्या घरी सोयरे पाणी पिणार का, हा प्रश्न होता. तो सोडवायला तीन जाणते आमच्या ओट्यावर बसले. बोलत होते वडिलांचे मामा.

"अरे लेका," ते मोठेबाबांना म्हणाले, "खाल्लं म्हनत असशीन त प्रायश्चित्त घे. मंग तुले कोनी काई म्हननार नाई. पन पोरगी पाहाले येनारा पयले हेच इचारन. अन् नाई खाल्लं म्हनत असशीन त गोष्ट सरली. गंमत केली म्हन. इवायाची फिरकी घेतली म्हन."

"गंमत केली असं म्हनतो," मोठेबाबा म्हणाले.

"मंग तिथं खात काय होता?"

"हातानं रांधत होतो. वरन-भात."

"आठ वर्सं?" दुसरे जाणते म्हणाले. "त्याच्या भांड्यात, त्याच्या चुलीवर? कोन मानन? थो आर्नीवाला मानन?"

ते तिघे आपसात बोलले. मोठेबाबा खाली पाहत होते. मग मामा म्हणाले, "एक काम कर. गेलताच नाई म्हन."

"काय म्हनू?"

"फ्रान्सले गेलताच नाई. मुंबईले होता. गोदामात. इथं येऊन गप्पा मारल्या, लोकाईले खऱ्या वाटल्या."

"मामा, गेलतो एवढं तरी ठेवा."

"गेलता म्हनलं का जेवला आलं. जेवल्याबिगर कोनी राह्यते काय रे?"

दारामागून माझी बहीण बाहेर आली. जाणत्यांसमोर बाहेर यायची रीत नव्हती. ती म्हणाली, "म्हनून टाका ना, बाबा. तुमचं काय जाते?"

शनिवारी मारोतीच्या देवळात सोयरे जमले. मोठेबाबांनी शेंदराला हात लावून सांगितले की ते कधीही फ्रान्सला गेले नाहीत, युद्धाआधीची सगळी वर्षे ते मुंबईला शिवडीच्या कापूस गोदामात होते आणि खानावळीत वरण-भात जेवत होते. मामांनी विचारले, "मंग लोनी, मासे, ल्योंच्या बाया?" ते म्हणाले, "खोटं." मामांनी एकेक नाव घेतले. काँ. म्युलूझ. मार्सेय. इतकी गावे मामांना पाठ होती, कारण तेही कधीकधी ओट्यावर बसत. प्रत्येक गावाला मोठेबाबा "खोटं" म्हणाले. मग नारळ फोडला आणि खोबरे वाटले.

त्या संध्याकाळपासून ओट्यावर कोणी आले नाही.

घरात रांधायचे-वाढायचे काम माझ्या बहिणीकडे होते. पंगतीच्या दुसऱ्या दिवसापासून तिने मोठेबाबांच्या वरणाला फोडणी देणे बंद केले. डाळ शिजली की त्यांची वाटी आधी काढून बाजूला ठेवायची आणि मग उरलेल्यात तेल, मोहरी, लसूण. वास सगळ्या घरात जाई. त्यांच्यासमोर पिवळे पाणी येई. भाकर असे, कांदा नसे. ते जेवत. आईने एकदा त्यांच्या पानात जवसाची चटणी वाढली. बहिणीने वाटी आणली आणि चटणी काढून घेतली, पानातून, त्यांच्यासमोर.

"अवं, बाप हाये तुया," आई म्हणाली.

"लय खाल्लं त्याईनं फ्रान्सात."

"फ्रान्सात कुठी? मुंबईले होते ना थे."

"मंग मुंबईत खाल्लं."

मोठेबाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला.

जिनात त्यांचे नाव 'पॅरिस' पडले. पॅरिसला ते कधी राहिले नव्हते. नमुन्यांची पेटी घेऊन तिथे गाडी बदलत, एवढेच. फ्रान्सात गोगलगाई खातात हे ओट्यावरून जिनात पोचले होते. पावसाळ्यात हमालांनी त्या गोळा करून पळसाच्या द्रोणात घातल्या आणि त्यांच्या टेबलावर, नमुन्यांच्या काळ्या फडक्यावर ठेवल्या. "पॅरिस, नाश्ता आला!" मोठेबाबांनी द्रोण उचलला, बाहेर नेला आणि गवतावर उलटा केला. एक फडक्यावर उरली होती, तीही नेऊन ठेवली. हे दर पावसाळ्यात होऊ लागले. नव्या हमालांना का ते माहीत नसे, पण तेही गोगलगाई गोळा करत.

मग त्यांच्या पारखीबद्दल बोलणे सुरू झाले. एका व्यापाऱ्याने गाठीचा दर्जा मान्य केला नाही आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जबान झूठी, तो उंगली सच्ची कैसे?" जिनाच्या मालकाने दुसरा पारखी आणला. मोठेबाबांना वजनकाट्याजवळ बसवले. तांड्याच्या नायकाने होळीला निरोप पाठवला होता, नेहमीप्रमाणे. ते गेले नाहीत. पुढच्या वर्षीही निरोप आला. त्यानंतर आला नाही.

दुसरी सोयरीक १९६० साली, दिग्रसकडून आली. मुलगी पसंत पडली. मुलाच्या काकांनी यवतमाळात चौकशी केली आणि परत आले. त्यांनी माझ्या वडिलांना जे सांगितले ते मी त्या वेळी तिथे असल्याने जसेच्या तसे देतो.

"भाऊ, खाल्लं असतं त आमी चालवून घेतलं असतं. परदेशात गेलेला मानूस खाते. थो आपल्या हातात नाई. पन देवाच्या शेंदराले हात लावून सारं आयुष्य खोटं बोललो म्हन्ते, अशा मानसाची पोरगी कशी न्याव? उद्या थे बी म्हनन, मी अशी नोतीच."

वडील म्हणाले, "थो खोटं नाई बोलला. थो खरंच गेलता."

"मंग मारोतीसमोर खोटं बोलला," मुलाचे काका म्हणाले. "हे त लय वाईट."

ही सोयरीकही मोडली. त्या आठवड्यापासून मोठेबाबांच्या वाटीतले मीठही गेले. आईने आवाज चढवला, रडली, जेवली नाही. बहीण म्हणाली, "मी एकटीच रांधते. नाई पटत त तुमी रांधा." आईचे हात संधिवाताने वाकडे झाले होते. तिने पुन्हा विषय काढला नाही. मोठेबाबांनी एकदाही मीठ मागितले नाही. बहीण त्यांच्यासमोर उभी राहून ते शेवटचा घास खाईपर्यंत पाहत असे. पोट भरले का, हे ती रोज विचारी. ते "भरलं" म्हणत.

१९६३ च्या हिवाळ्यात कापसाच्या बाजारात एक फ्रेंच माणूस आला. जिनिंगची यंत्रे पाहत तो विदर्भात फिरत होता. त्याचे इंग्रजी बाजाराच्या अधिकाऱ्यांना कळेना आणि त्यांचे त्याला कळेना. हातवाऱ्यांवर सकाळ गेली. तेव्हा गर्दीतून कोणी ओरडले, "पॅरिसले बोलवा ना!" सगळे हसले, पण एक जण खरोखर धावत गेला.

त्या वेळी तिसरी सोयरीक चालू होती. मुलगा बिजवर, शिक्षक, पहिल्या बायकोची दोन मुले. बहीण तेवीस वर्षांची होती. आणखी मागणी येईल असे घरात कोणी म्हणत नव्हते. त्या शिक्षकाचे थोरले भाऊ बाजारात मापारी होते आणि त्या गर्दीत उभे होते. मोठेबाबांनी येताना त्यांना पाहिले आणि नमस्कार केला.

अधिकारी म्हणाले, "काय हो, येते काय याची भाषा? अन् नसन येत त सांगा, लोकाईचा वेळ कायले घेता?"

फ्रेंच माणसाला कोणी काही सांगितले नव्हते. तो एका ढिगाशी उभा होता. त्याने रुईचा पुंजका घेतला, दोन अंगठ्यांत धरला आणि ओढला. मग मोठेबाबांकडे पुंजका धरला. मोठेबाबांनी तो घेतला. बोटे सवयीने चालली, पुंजका दुमडून पुन्हा ओढला, मनगट आत वळवून. आमच्याकडचे पारखी तसे वळवत नाहीत. फ्रेंच माणूस थबकला. त्याने त्यांच्या हाताकडे पाहिले, चेहऱ्याकडे पाहिले आणि भराभर बोलू लागला. एकच शब्द सगळ्यांना कळला. हाव्र. तो त्याने दोनदा उच्चारला, दुसऱ्यांदा प्रश्न विचारल्यासारखा.

मोठेबाबा म्हणाले, "मले नाई समजत."

"अरे, हाव्र म्हन्ते ना थो!" कोणीतरी म्हणाले. "तुमचंच गाव!"

"मी मुंबईले होतो."

हशा झाला. फ्रेंच माणूसही हसला, कारण सगळे हसत होते. त्याने खांद्याच्या पिशवीतून पत्र्याचा एक चपटा डबा काढला, चावीने त्याचे झाकण गुंडाळले, पावाच्या तुकड्यावर आतले काही लावले आणि मोठेबाबांसमोर धरले. ल्यों, असे तो म्हणाला. वास मीही घेतला. कलेजी, लोणी आणि काहीतरी दारूचे. मापारी भाऊ दोन पावले पुढे आले, नीट दिसावे म्हणून.

मोठेबाबांनी हात जोडले. "मले चालत नाई," ते म्हणाले. डब्याकडे त्यांनी पाहिले नाही. मग ते जिनातल्या वजनकाट्याकडे परत गेले. फ्रेंच माणसाने तो तुकडा स्वतः खाल्ला. त्याला दुपारी सरकारी विश्रामगृहात अंड्याची पोळी आणि संत्री दिली, आणि संध्याकाळी तो नागपूरकडे निघून गेला.

मापारी भावांनी घरी जाऊन काय सांगितले ते मला माहीत नाही. आठवड्याने होकार आला.

लग्न १९६४ च्या वैशाखात, आमच्या दारात झाले. जेवणाला दोन्ही इवाई शेजारी बसले. शिक्षकाच्या वडिलांनी रिवाजाप्रमाणे सुरुवात केली. "काय हो इवाई, मुंबईले एवढी वर्सं होते. काय खात होते तिथं?"

पंगत थांबली. बहीण हिरव्या चुड्यात, दारात उभी होती.

"वरन-भात," मोठेबाबा म्हणाले.

"बस?"

"बस."

शिक्षकाचे वडील पूर्ण जेवले, भात दोनदा मागून घेतला, आणि शेवटी उठले.

बहीण सासरी गेल्यावर आईने, हात वाकडे झाल्यापासून सोडलेले स्वयंपाकाचे काम, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोच्या मदतीने पुन्हा हाती घेतले. पहिल्याच दिवशी तिने मोठेबाबांना लसणाची फोडणी दिलेले वरण वाढले आणि समोर बसली. त्यांनी दोन घास घेतले. आईने विचारले, "मीठ बरोबर हाये?"

ते म्हणाले, "असन."

मग त्यांनी वाटी बाजूला सरकवली आणि उद्यापासून साधे द्या, हे पोटात जळते, असे सांगितले. १९६६ च्या पावसाळ्यात ते वारले. तोपर्यंत आमच्या घरी त्यांचे वरण फोडणी देण्याआधी वेगळे काढून ठेवले जात होते.